पाच वर्षांच्या शिदोरीवर

लांब पल्ल्याच्या यानांसाठी वीज, इंधन आणि पृथ्वीवरच्या अँटेनांचा वेळ पुरवून कसा वापरायचा, हे शास्त्रज्ञ मुख्यतः नासाच्या व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ या यानांकडून शिकले. १९७७ मध्ये निघालेल्या या जुळ्या यानांची मूळ मोहीम पाच वर्षांची होती, गुरू आणि शनी एवढ्यापुरती. सूर्यापासून इतक्या दूर त्या काळचे सौर पॅनेल उपयोगाचे नव्हते, म्हणून प्रत्येक यानावर प्लुटोनियम-२३८च्या उष्णतेतून वीज तयार करणारी तीन जनित्रे बसवली. तिन्ही मिळून सुरुवातीला सुमारे ४७० वॅट देत. प्लुटोनियम हळूहळू क्षीण होते आणि वीज तयार करणारे जोडही झिजतात, त्यामुळे दरवर्षी चारेक वॅट कमी होतात.

निघताना 'सोबत काय न्यायचे' हा प्रश्न होता. पुढे तो 'आधी काय बंद करायचे' असा झाला. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर-१ने मागे वळून पृथ्वीचे आणि इतर ग्रहांचे शेवटचे फोटो घेतले आणि त्याचे कॅमेरे बंद करण्यात आले. मग हीटरांची पाळी आली. २०१९ मध्ये व्हॉयेजर-२च्या विश्वकिरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) मोजणाऱ्या उपकरणाचा हीटर बंद केला. या उपकरणाची चाचणी उणे ४५ अंशांपर्यंतच झाली होती. ते उणे ५९पर्यंत गारठले, तरी मोजत राहिले! ज्यांनी ते बनवले त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

एका गोष्टीची बचत दुसरीच्या मुळावर येते, हेही इथेच कळले. यानाची अँटेना पृथ्वीकडे वळलेली ठेवणारे व्हॉयेजर-१चे छोटे थ्रस्टर (झोत सोडून यान वळवणारी इंजिने) झिजू लागले, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये १९८०नंतर कधीच न वापरलेले चार थ्रस्टर दहा-दहा मिलिसेकंदांच्या झटक्यांनी पेटवून पाहिले. निकाल पृथ्वीवर पोहोचायला १९ तास ३५ मिनिटे लागली. ते चालले, पण त्या प्रत्येकाला हीटर हवा आणि हीटरला वीज.

जमिनीवरची साधनेही मोजकीच. नेपच्यूनजवळून जाताना व्हॉयेजर-२ दक्षिणेकडे वळले. त्यामुळे आता त्याला आदेश पाठवू शकणारी अँटेना एकच, ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराची ७० मीटरची. मार्च २०२०मध्ये ती दुरुस्तीला घेतली आणि सुमारे अकरा महिने यानाचे बोलणे ऐकू येत होते, पण नेहमीचे आदेश पाठवता येत नव्हते. यान कितीही टिकाऊ असले तरी हाक मारायला कोणी नसेल तर ते हरवल्यासारखेच. माझ्या मते नियोजनात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच बाजूकडे.

२०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही यानांवरचे आणखी एकेक उपकरण बंद झाले. निघताना प्रत्येकावर दहा होती, तेव्हा तीन-तीन उरली.