डीपीतलं आरक्षण आणि बजेटमधली तरतूद: विरंगुळा केंद्र नेमकं कुठे अडतं

महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक फोटो फिरतो. विकास आराखड्याचा, म्हणजे डीपीचा नकाशा, एका प्लॉटभोवती लाल गोल आणि खाली "आपल्या भागात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र मंजूर, सर्वांचे अभिनंदन". ह्याच्या उलटही तितकंच चालतं, बजेटच्या पुस्तकातली एक ओळ, "विरंगुळा केंद्र बांधणे" आणि समोर लाखांतला आकडा, आणि लगेच कधी उद्घाटन ह्याची चर्चा. फोटो दोन्ही खरे असतात हो, पण पहिल्यात पैसे नसतात आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा जागा नसते, आणि सत्तरीपुढची माणसं ह्या भरवशावर पुढची चार-पाच वर्षं वाट बघत बसतात. मला ह्याचा मनापासून राग येतो, कारण ज्यांच्याकडे वाट बघायला वेळ सगळ्यात कमी आहे त्यांनाच आपण चुकीची बातमी देतो.

बजेट सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पटकन उरकतो. १ एप्रिल ते ३१ मार्च. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात आपली भर घालते, मग मुख्य सभेची मान्यता. मिळकतकर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे पैसे, सरकारचं अनुदान, हे जमेच्या बाजूला. पुण्यात नगरसेवकांच्या प्रभागातली छोटी कामं "स" यादीत येतात आणि २००६ पासून नागरिकांनाही कामं सुचवता येतात, एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा ठेवलेली, म्हणजे बाक, फुटपाथ, दिवे, स्वच्छतागृहाची दुरुस्ती वगैरे. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. बास, बजेटचं इतकं पुरे.

आता डीपी. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली शहराचा विकास आराखडा होतो आणि साधारण वीस वर्षांनी त्याची फेररचना व्हायची असते. कुठे रस्ता, कुठे दवाखाना, कुठे पाण्याची टाकी, कुठे मैदान हे त्यात ठरतं, आणि अशा कामासाठी प्लॉट राखून ठेवला की त्याला आरक्षण म्हणतात. महापालिका प्रारूप प्रसिद्ध करते, लोकांकडून हरकती-सूचना घेते, नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटची मंजुरी राज्य सरकार देतं. म्हणून "नगरसेवकाला सांगा, डीपीत टाकून देतील" हे जे कट्ट्यावर ऐकू येतं ते चूक. मंजूर आराखड्यात बदल करायचा तर कलम ३७ ची वाट, त्यातही ठराव, पुन्हा हरकती आणि पुन्हा सरकारची मंजुरी. डीपी आणि बजेटमधले बाकीचे फरक, म्हणजे एक नगररचना किंवा बांधकाम विभागात बघायचा आणि दुसरं लेखा विभागात, एक नकाशा आणि दुसरं आकड्यांचं पुस्तक, हे काही कुणाला अडवत नाहीत, त्यावर वेळ घालवत नाही.

अडवतं ते हे: आरक्षण पडलं म्हणजे जागा महापालिकेची झाली, असं लोकांना वाटतं. झालेली नसते. आरक्षण पडल्यावर मालकी आहे तिथेच राहते. मालकाला तिथे दुसरं काही बांधायची परवानगी मिळत नाही, एवढाच त्याचा लगेचचा परिणाम. ती जागा प्रत्यक्ष घ्यायला कलम १२६ मध्ये वाटा दिल्या आहेत: मालकाशी बोलून मोबदला देऊन, नाहीतर पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जमिनीवर किती बांधता येतं त्याची मुभा) देऊन, नाहीतर सक्तीचं भूसंपादन. शेवटच्या वाटेला २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो आणि त्यात शहरी भागात बाजारमूल्य अधिक तितकंच दिलासा रक्कम, म्हणजे जवळपास दुप्पट. आता शहरातल्या गुंठ्याचा भाव डोळ्यापुढे आणा आणि सांगा, दहा-वीस गुंठ्यांच्या विरंगुळा केंद्रासाठी कुठली महापालिका हौसेने एवढे पैसे काढेल? म्हणून महापालिका टीडीआर घ्यायला मालकाच्या मागे लागतात, आणि टीडीआरचा भाव पडलेला असला की मालक म्हणतो थांबू या. मालकाचंही चूक नाही, त्याची जमीन अडकून पडलीये.

आणि हे थांबणं फुकट नसतं. नगररचना कायद्याचंच कलम १२७ म्हणतं की अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द. नुसता कागद फिरवला, पत्र पाठवलं म्हणजे पाऊल उचललं असं धरत नाहीत, २००७ च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा, त्याची सुधारित आवृत्ती मंजूर व्हायला २०१७ उजाडलं, म्हणजे त्यात मंजूर झालेल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. ज्येष्ठ नागरिक संघांनी खरं तर आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी काढून कुठली जागा ताब्यात आली आणि कुठली नाही हे आत्ताच बघून ठेवायला पाहिजे. संघाच्या बैठकीत मी हे बोललो की कुणीतरी काका म्हणतातच, "अहो पण नकाशात आहे ना आपलं केंद्र." आहे काका, नकाशात आहे, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून मालकाच्याच कुटुंबाची पाच नावं आहेत.

प्रत्यक्ष जागेवर गेलात तर कळतंच. असा एक प्लॉट आमच्या भागात आहे, पुढच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये टू-व्हीलरचं गॅरेज, मागे विटांचा ढीग आणि बाभळी, कोपऱ्यात गंजलेली पाटी, "ही मिळकत खाजगी मालकीची आहे, प्रवेश बंद". नकाशात तोच प्लॉट रंगवलेला, वर आरक्षणाचा क्रमांक. त्याच्यावर बजेटमध्ये दोनदा तरतूद झाली. दोन्ही वेळा खर्च शून्य. ताबा नसलेल्या जागेवर काम कसं करणार? मग डिसेंबर-जानेवारी आला की ते पैसे वर्गीकरण करून दुसऱ्या कामाला वळवले जातात, बहुतेक वेळा काँक्रीटच्या रस्त्याला किंवा पेव्हिंग ब्लॉकला, कारण ते काम दोन महिन्यांत बसतं. वळवले नाहीत तर ३१ मार्चला तरतूद संपते आणि पुढच्या वर्षी नव्याने मागावी लागते. लोक म्हणतात पैसे खाल्ले. खाल्लेही असतील कुठे, पण ह्या प्रकरणात कुणाला काही खायची गरजच पडत नाही, जागेचा ताबा नसला की तरतूद आपोआप दुसरीकडे जाते.

म्हणून दोन्हीच्या मधला कागद बघा, ताबा. नगररचना किंवा बांधकाम विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, त्यावर आरक्षण आहे का ते कळेल. मग सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा, ऑनलाइन मिळते, आणि भोगवटादाराच्या किंवा धारकाच्या रकान्यात महापालिकेचं नाव लागलंय का बघा. नाव नसेल तर माहिती अधिकारात एवढंच विचारा की अमुक आरक्षण क्रमांकाच्या जागेचा ताबा महापालिकेकडे कोणत्या तारखेला आला, ताबा पावतीची प्रत द्यावी, आला नसल्यास कलम १२६ खाली काय कार्यवाही झाली. "विरंगुळा केंद्र कधी होणार" असं विचारू नका, त्याला "प्रस्ताव विचाराधीन आहे" हेच उत्तर येतं आणि सहा महिने जातात. ताबा आहे हे कळल्यावर बजेटच्या पुस्तकात लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं खातं, आणि रक्कम शोधा. रक्कम नावापुरती, म्हणजे हजार-लाखभर असली तर ती टोकन तरतूद, लेखाशीर्ष जिवंत ठेवायला टाकलेली, त्यात एक भिंतही उभी राहत नाही.

माझं स्पष्ट मत असं की ज्येष्ठांच्या केंद्रासाठी ताब्यात नसलेल्या आरक्षणामागे धावण्यात अर्थ नाही. मोठ्या लेआउटमध्ये बिल्डरने सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला सोडलेल्या जागा, म्हणजे अ‍ॅमेनिटी स्पेस असतात, त्यातल्या बऱ्याच ताब्यात असतात आणि तशाच कुंपणाआड पडून राहतात. त्या मागा. पुण्यात २०२१ मध्ये ह्याच जागा खाजगी लोकांना दीर्घ मुदतीने द्यायच्या प्रस्तावावरून मोठा वाद झाला होता, म्हणजे त्यांची किंमत महापालिकेला चांगली कळते, आपल्याला कळायला हवी.

पाण्याच्या टाकीचं गणित हेच, फक्त जास्त कठीण. विरंगुळा केंद्र दोन गल्ल्या इकडेतिकडे सरकलं तरी चालतं, टाकी उंचावरच लागते, आणि त्या उंचीवरचा प्लॉट ताब्यात आला नाही तर पाइपलाइन टाकून, पंप आणून काही उपयोग नाही. डीपी रस्त्याचंही तसंच, तुटक रेषेवर ड्रेनेज लाइन टाकता येत नाही, मधल्या दोन प्लॉटचा ताबा राहिला की अख्ख्या रस्त्याचं काम तिथेच थांबतं. वरच्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्या एकट्या आजींना टँकरचं पाणी बादलीने चढवायला लागतं तेव्हा ते टाकीच्या न झालेल्या भूसंपादनामुळे असतं, पण मोर्चा जातो पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्यावर. त्या बिचाऱ्याच्या हातात काहीच नसतं.

जागा आली, पैसे आले, इमारत झाली, तरी केंद्राला कुलूप दिसतं त्याचं कारण बजेटच्याच आत आहे. बांधकाम भांडवली खर्चातून होतं. पण रोज सकाळी कुलूप उघडणारा माणूस, झाडलोट, लाइट बिल, वर्तमानपत्रं, आठवड्यातून एकदा रक्तदाब तपासायला येणारी नर्स, हे सगळं महसुली खर्चात, दरवर्षी नव्याने मागायचं. त्यावर पाटी लावता येत नाही म्हणून ते कुणी मागत नाही. ज्येष्ठ नागरिक संघाला चालवायला दिलं की चालतं, जिथे संघ भक्कम आहे तिथे छान चालतं, पण तो महापालिकेच्या खर्चाला पर्याय समजू नये, ऐंशीच्या माणसाने वर्गणी काढून सरकारी इमारतीचं लाइट बिल भरणं मला अजिबात पटत नाही.

आणि जागा मागताना तळमजलाच मागा. समाजमंदिराच्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला एकाच बाजूला कठडा, अशा ठिकाणी विरंगुळा केंद्र काढून काय साधतं? संडासाच्या दाराशी पायरी नको, आत धरायला दांडी हवी, कमोड हवा. बाहेर बाकाला पाठ हवी. पाठ नसलेल्या सिमेंटच्या बाकावर नगरसेवकाचं नाव मोठं असतं आणि गुडघे दुखणारा माणूस दहा मिनिटांत उठतो. तीच गोष्ट स्टीलच्या ओपन जिमची, ज्येष्ठांच्या नावाने घेतात आणि वापरतात शाळेतली मुलं. मुलांनी खेळावं, पण मग ते ज्येष्ठांच्या खर्चात धरू नका.

वृद्धाश्रमाचंही ह्यातच मिसळतात म्हणून सांगतो. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यामागे किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढण्याचं कलम १९ आहे, पण ते राज्य सरकारला उद्देशून. डीपीत वृद्धाश्रमाचं आरक्षण असलं तरी त्या कलमाचं निवेदन वॉर्ड ऑफिसात देऊन काही होत नाही, ते समाजकल्याण खात्याकडे द्या.

तेव्हा जागाच नसेल आणि प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला असेल तर लेखी हरकत-सूचना मुदतीत द्या, सर्व्हे नंबर घालून, आणि सुनावणीला स्वतः जा, कारण ही संधी पुन्हा वीस वर्षांनी येते. जागा आहे पण ताबा नाही तर भूसंपादनासाठी तरतूद मागा, बांधकामासाठी नको. ताबा आहे तर बांधकामाची तरतूद, पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, झालंय का ते विचारून. इमारत आहे तर महसुली खर्चाची, आणि हे बजेट बनायच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरपासून, पोच घेऊन.