पाणी फोडायचं, तेही उन्हाने

पाणी फोडून त्यातून हायड्रोजन काढणं काही नवीन नाही, 1800 सालीच निकोलसन आणि कार्लाइल या दोघांनी बॅटरीच्या तारा पाण्यात सोडून ते करून दाखवलं होतं. खरा प्रश्न वीज कुठून आणायची हा आहे. कोळसा जाळून वीज करायची, तिने हायड्रोजन काढायचा आणि वर त्याला क्लीन फ्युएल म्हणायचं, हा नुसता खटाटोप झाला. म्हणून मग ऊन.

पण ऊन तर समुद्रावर रोजच पडतं आणि समुद्र काही फुटत नाही, कारण पाणी दिसणारा प्रकाश फारसा शोषतच नाही. मध्ये एक दलाल लागतो, जो प्रकाश पकडेल आणि ती एनर्जी इलेक्ट्रॉनला देईल. ते काम सेमीकंडक्टर करतो. 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर (पांढऱ्या पेंटमध्ये असतो तोच) प्रकाश टाकून हे दाखवलं, त्याच्याकडे ऑक्सिजन सुटला आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमकडे हायड्रोजन.

गोची अशी की हे चालतं फक्त अल्ट्राव्हायोलेटवर, आणि उन्हात ते असतं जेमतेम 4-5 टक्के. पाणी फोडायला थिअरीत 1.23 व्होल्ट (म्हणजे दर इलेक्ट्रॉनमागे 1.23 इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी) पुरतात, प्रत्यक्षात जरा जास्त लागतात, पण टायटॅनियम डायऑक्साइडला इलेक्ट्रॉन उचलायलाच 3 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, हवा. मग कमी एनर्जीवर चालणारं मटेरियल घ्या ना! घेतलं की, कॅडमियम सल्फाइड दिसणारा प्रकाश मस्त शोषतं, पण पाण्याचं ऑक्सिडेशन (म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन काढून घेणं) करायच्या ऐवजी ते स्वतःचंच करून घेतं आणि हळूहळू विरघळून जातं. त्यात ऑक्सिजनची बाजू मुळातच रडकी, एक रेणू सुटायला चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, त्यामुळे तिथे चांगला कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनला वेग देणारा पदार्थ) नसेल तर सगळंच अडतं.

2021 मध्ये जपानच्याच काझुनारी डोमेन या शास्त्रज्ञाच्या टीमने स्ट्रॉन्शियम टायटेनेट या सेमीकंडक्टरच्या पावडरचे 100 चौरस मीटरचे पॅनल उघड्यावर लावून महिनोन्महिने चालवले. एफिशियन्सी, म्हणजे उन्हातली जेवढी एनर्जी हायड्रोजनमध्ये गेली ती, मिळाली जास्तीत जास्त 0.76 टक्के. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं, पण मला यातली भारी गोष्ट वेगळीच वाटते, पावडरवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच सुटतात म्हणजे सरळ स्फोटक मिश्रण, आणि त्यांनी त्यातला हायड्रोजन मेम्ब्रेनमधून (पातळ पडद्यातून) सेफली वेगळा केला.

सध्या तरी साधा सोलर पॅनल आणि शेजारी इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) हीच जोडी पुढे आहे. पॅनल 20 टक्के, इलेक्ट्रोलायझर 65-70 टक्के धरा, गुणाकार केला तर 13-14 टक्के ऊन हायड्रोजनमध्ये जातं. 1 किलो हायड्रोजनला पाणी लागतं साधारण 9 लिटर आणि वीज 50 युनिटच्या वर, त्या किलोतून परत मिळणारी एनर्जी मात्र 33 युनिटच. म्हणून जिथे थेट वीज वापरता येते तिथे हायड्रोजनच्या भानगडीत पडू नये असं माझं मत, तो खत आणि स्टील कारखान्यांसाठी ठेवावा. पावडरवाल्यांनी एफिशियन्सी 5-10 टक्क्यांवर नेली आणि पावडर काही वर्षं टिकली तर हिशोब बदलेल, कारण त्यात ना वायरिंग ना महागडा इलेक्ट्रोलायझर.