किर्गिझस्तानचं तिकीट काढण्याआधी हे वाचा

किर्गिझस्तानची चौकशी करणारे बहुतेकजण आम्हाला एकच फोटो पाठवतात. हिरवं पठार, निळं तळं, काठावर पांढरे गोल तंबू आणि चरणारे घोडे. खाली मजकूर असतो, "आम्हाला हेच बघायचंय. मुलांना मेमध्ये सुट्टी आहे. तिकिटं काढून झाली आहेत."

हा फोटो सोंग-कुल तळ्याचा आहे, आणि मेमध्ये ते तळं असं दिसत नाही. फोनवर प्रत्येकाला हे पहिल्यापासून समजावण्यात आमचा वेळ जातो आणि तुमचे तिकिटाचे पैसे अडकतात, म्हणून हे पत्रक.

मेमध्ये नेमकं अडतं कुठे?

सोंग-कुल ३,०१६ मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे हिशेब तुमच्या लक्षात येईल. कोचकोर गावाकडून वर जाताना जी खिंड लागते ती याहूनही उंच, सुमारे ३,४०० मीटरवर आहे, आणि हिवाळाभर ती बर्फाखाली असते. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला ती मोकळी होते. नेमका दिवस बर्फ ठरवतो, आम्ही नाही आणि तिथलं सरकारही नाही.

दुसरी गोष्ट त्या तंबूंची. त्यांना युर्त म्हणतात आणि ती हॉटेलं नव्हेत. ती मेंढपाळ कुटुंबांची उन्हाळी घरं. जूनमध्ये वर गवत उगवलं की ही कुटुंबं मेंढ्या-घोडे घेऊन चढतात, जनावरांच्या जोडीला पाहुणेही ठेवतात, आणि सप्टेंबरात थंडी वाढली की घर मोडून, गुंडाळून खाली उतरतात. मालकाला चार पैसे जास्त देऊन मेमध्ये युर्त उघडायला सांगा, असं आम्हाला सुचवलं जातं. उघडायला तिथे काही उभंच नसतं. दिवाळीच्या सुट्टीचीही तीच कथा, तोवर सगळे खाली आलेले असतात.

म्हणून सोंग-कुलचा मुक्काम असलेल्या आमच्या सहली जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच निघतात. "पण अमुक ठिकाणी मेच्या कार्यक्रमात सोंग-कुल छापलंय," असं कुणी म्हणालं की आम्ही एवढंच सांगतो की त्या ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात 'हवामान अनुकूल असल्यास' आहे का तेवढं बघा. आमच्या पत्रकात ती बारीक अक्षरं नाहीत. त्यामुळे आमच्या मेच्या सहलीत एक दिवस कमी दिसतो. दिसू दे.

आधी तिकीट, मग फोन

खरा घोळ इथे होतो. स्वस्तातलं तिकीट दिसतं आणि रात्रीत काढून टाकलं जातं. असं तिकीट बहुतेक वेळा परत होत नाही, तारीख बदलायची तर दंड भरावा लागतो आणि ई-व्हिसाही त्याच तारखांना धरून काढावा लागतो. मग आम्हाला विचारलं जातं, "आता एवढ्यात काय बसतं ते बसवा." बसवायला बसवतो, पण ज्यासाठी निघालात ते राहून जातं. कृपया आधी महिना ठरवा, मग मार्ग, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. सल्ला विचारण्याचे आम्ही पैसे घेत नाही, सहल आमच्याकडून केली नाहीत तरीही.

शाळेतली मुलं असतील तर आमचं मत असं. जूनचा दुसरा आठवडा जुगार आहे, कारण खिंड उघडली तर छान, नाही तर पर्यायी मार्ग, आणि इकडे शाळा सुरू व्हायला आलेली. त्यापेक्षा १५ ऑगस्टला जोडून किंवा गणपतीच्या सुट्टीत चला. (कोकणातली मंडळी गणपतीत येणार नाहीत हे आम्ही धरूनच चालतो.) ज्यांच्या घरी शाळेचा प्रश्न नाही, त्यांनी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरावा. इस्सिक-कुल या मोठ्या तळ्याच्या उत्तर किनाऱ्यावरची जुलै-ऑगस्टची गर्दी तोवर ओसरलेली असते.

मेमध्येच जायचं असेल तर

खुशाल चला, फक्त सोंग-कुल सोडून द्या. महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश एवढ्या या देशात बघण्यासारखं एकच तळं नाही.

राजधानी बिश्केकहून पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर बुराना मिनार आहे. अकराव्या शतकातला, काराखानी राजवटीच्या बालासागुन शहरातला. मुळात ४५ मीटर उंच होता. भूकंपात वरचा भाग पडला आणि आता पंचवीसेक मीटर उरलाय. आतला जिना अंधारा, अरुंद आणि छातीवर येणारा आहे. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी खालीच, हातात पेला धरलेल्या दगडी पुतळ्यांमध्ये फिरावं, काही बिघडत नाही. मेमध्ये या खोऱ्यात खसखशीची तांबडी फुलं फुललेली असतात आणि मागे बर्फाचे डोंगर. हे दृश्य ऑगस्टच्या मंडळींना मिळत नाही.

तिथून जवळच अक-बेशिम आहे, म्हणजे जुनं सुयाब. साधारण ६३० साली ह्युएन त्संग तिएन शानचे बर्फाळ डोंगर ओलांडून, इस्सिक-कुलच्या काठाने इथे पोचला आणि तुर्कांच्या खानाला भेटला. पुढे दहाएक वर्षांनी तोच दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि इथल्या माणसांच्या स्वाभिमानाबद्दल लिहून गेला. अक-बेशिमला आज बघायला मातीचे उंचवटे आणि उत्खननाचे खड्डेच आहेत. काही ग्राहक "इथे काय आहे?" म्हणून गाडीतून उतरत नाहीत. आम्ही तरीही गाडी थांबवतो.

इस्सिक-कुलचा पृष्ठभागच १,६०७ मीटरवर, जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर आहे. लांबी १८२ किलोमीटर, खोली ६६८ मीटर. पाणी किंचित खारं आहे आणि हिवाळ्यातही गोठत नाही. पण गोठत नाही म्हणजे मेमध्ये पोहता येतं असं नव्हे. मुलांना तशी आशा लावून आणू नका, पोहणं जुलै-ऑगस्टमध्ये. आम्ही दक्षिण किनाऱ्याने जातो. स्काझ्काच्या तांबड्या-पिवळ्या मातीच्या घळी आणि जेती-ओगुझचे लाल कडे याच बाजूला आहेत. शेवटी कराकोल शहर. तिथली दुंगान मशीद लाकडी आहे, १९१० साली पुरी झाली आणि बांधताना लोखंडी खिळा वापरलेला नाही. चीनमधून डोंगर ओलांडून आलेल्या मुस्लिमांची ही मशीद लांबून बघितली तर चिनी देऊळच वाटते.

युर्तमधली रात्र

उन्हाळ्यात येणाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण तक्रारी याच रात्रीबद्दल येतात. आत मधोमध लोखंडी शेगडी असते. पठारावर झाड नाही, त्यामुळे जळण म्हणजे वाळलेलं शेण, आपल्या गोवऱ्याच. झोपताना इतकं उकडतं की लोक स्वेटर काढून फेकतात. पहाटे तीनच्या सुमारास शेगडी विझते आणि मग स्वेटर अंधारात चाचपावा लागतो. तो उशाशीच ठेवा. गाद्या-रजया जाड आणि भरपूर मिळतात. शौचालय बाहेर, थोडं चालून जावं लागतं, टॉर्च लागतो. मोबाइलला रेंज मिळेल, चार्जिंग होईल असं धरू नका.

उंचीमुळे पहिल्या रात्री डोकं जड होऊ शकतं. म्हणून आम्ही बिश्केकहून थेट वर नेत नाही, वाटेत कोचकोरला मुक्काम करतो. "नकाशावर तर तीनशेच किलोमीटर दिसतात, एका दिवसात जाऊन येऊ," ही मागणी आम्ही स्वीकारत नाही. शेवटचे पन्नासेक किलोमीटर कच्चा घाट आहे, आणि वर जाऊन तासाभरात परतायचं तर फोटो आमच्याकडे आहेतच, घरबसल्या पाठवतो. कोचकोरच्या मुक्कामात बायका लोकरीच्या नमद्यावर नक्षी कापून शिवतात ते शिरदाक, म्हणजे तिथले गालिचे, बघता येतात. विकत घ्यायचे तर तिथेच घ्या.

जेवण

आमच्याबरोबर स्वयंपाकी नसतो. पोळी-भाजी वर नेणाऱ्या सहली आहेत, त्यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण युर्तच्या मालकिणीने नान, साय, जॅम आणि बोरसोक (पिठाचे तळलेले तुकडे) मांडलेले असताना शेजारी आपला कुकर लावणं आम्हाला बरं दिसत नाही. शाकाहारी मंडळींची सोय होते. मांसाचे तुकडे काढून टाकले की सूप शाकाहारी होत नाही, हे आमच्या तिथल्या यजमानांना आता पाठ झालंय. जैन जेवणाची हमी मात्र शहराबाहेर देत नाही. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या सोबत असू द्या. घोडीचं आंबवलेलं दूध, किमिझ, पुढे येईल. चव आंबट-धुरकट असते. एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली तरी कुणी रागावत नाही.

मुलगा-मुलगी तिथे मेडिकलला असेल तर

चौकशी करतानाच सांगा, आणि शहर कोणतं तेही सांगा. बिश्केक असेल तर प्रश्न नाही. ओश असेल तर "जाता जाता भेटू" शक्य नाही. मधे सहाशेहून अधिक किलोमीटरचा डोंगरी रस्ता आणि तीन हजार मीटरवरच्या दोन खिंडी आहेत. देशांतर्गत विमानाने जाऊन दोन दिवस राहा, आणि मुलांसोबत सुलेमान-तू डोंगरावर चढा. पुढे हिंदुस्थानात आलेल्या बाबराने तरुणपणी या डोंगरावर स्वतःसाठी एक खोली बांधली होती. मूळ वास्तू गेली, पुन्हा उभारलेली बघायला मिळते. हा भाग मागणीप्रमाणे जोडून देतो.

चौकशीला येताना प्रत्येकाचं वय, गुडघे-रक्तदाबाची खरी माहिती आणि सुट्टीच्या दोन पर्यायी तारखा आणाव्यात. सामानाबद्दल एकच अट आहे. चाकांची मोठी कडक बॅग बिश्केकच्या हॉटेलात ठेवावी लागेल. सोंग-कुलला प्रत्येकी एक मऊ सॅक, कारण गाडीच्या मागे तेवढीच जागा असते.