लघुसंदेशांची मराठी

लघुसंदेशांची मराठी : मोबाइल फोनवरून मजकूर पाठवताना रुळलेले मराठीचे संक्षिप्त आणि बहुतांशी रोमन अक्षरांत लिहिलेले रूप. आरंभी याला ‘एसेमेसची भाषा’ म्हणत, पुढे ‘चॅटची भाषा’ किंवा ‘व्हॉट्सॲपची मराठी’ ही नावे रूढ झाली. काही लेखक यालाच ‘मिंग्लिश’ म्हणतात. परंतु मराठी वाक्यात इंग्रजी शब्दांची सरमिसळ करणे आणि निखळ मराठी वाक्य रोमन अक्षरांत लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी मीटिंग अटेंड करून येतो’ हे वाक्य देवनागरीतही मिश्रच राहते. उलट ‘जेवलास का’ हा प्रश्न रोमनमध्ये लिहिला तरी मराठीच असतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

लघुसंदेश सेवेचे जनकत्व एका व्यक्तीकडे देणे कठीण आहे. फिनलंडचे मात्ती माक्कोनेन यांचा ‘एसेमेसचे जनक’ असा उल्लेख वारंवार होतो. त्यांनी स्वतः मात्र हे श्रेय एकट्याने घेण्याचे नाकारले होते. सेवेचा तांत्रिक आराखडा १९८० च्या दशकाच्या मध्यास जीएसएम या युरोपीय मोबाइल-मानकाच्या कामात तयार झाला आणि त्यात जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांट व फ्रान्सचे बेर्नार गिल्बेर यांचा मोठा वाटा होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १६० अक्षरांची मर्यादा कशी ठरली याची हिलेब्रांट यांनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे : १९८५ च्या सुमारास बॉनमध्ये टंकलेखन यंत्रावर निरनिराळी वाक्ये टंकून त्यांनी अक्षरे मोजली, तेव्हा बहुतेक वाक्ये १६० च्या आत बसली, पोस्टकार्डे आणि टेलेक्स यांवरील मजकूरही बहुधा १५० च्या आतबाहेर असे. ही आठवण खरी मानली तरी तिला जुळणारे तांत्रिक कारणही होते. संदेशासाठी वापरायच्या संकेतवाहिनीत (कॉल जोडण्याच्या सूचना वाहून नेणाऱ्या मार्गात) एका खेपेला १४० ऑक्टेट (आठ बिटांचे गट), म्हणजे १,१२० बिट इतकीच जागा मिळत होती. सात बिटांचे एक अक्षर धरले की तिथे नेमकी १६० अक्षरे बसतात. मर्यादा माणसाच्या वाक्यावरून ठरली की संकेतवाहिनीतल्या जागेवरून, या वादात दुसरी बाजू वजनदार दिसते. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ यांनी संगणकावरून रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर पाठवलेला पहिला संदेश ‘मेरी ख्रिसमस’ असा होता. त्यात एकाही शब्दाला कात्री लागलेली नव्हती, हे जाता जाता नोंदवण्याजोगे आहे.

मराठीच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती या सात बिटांच्या अक्षरसंचाची घडण. त्यात रोमन वर्णमाला, युरोपीय भाषांतली काही स्वरचिन्हांकित अक्षरे आणि ग्रीकमधली मोठ्या लिपीतली (कॅपिटल) काही अक्षरेही होती, देवनागरी नव्हती. देवनागरीत संदेश पाठवायचा तर सोळा बिटांची संकेतपद्धती वापरावी लागे. तिच्यात त्याच १४० ऑक्टेटमध्ये ७० वर्ण मावतात. संदेश लांबून त्याचे तुकडे पडले की जोडणीच्या माहितीसाठी जागा जाते आणि रोमनमध्ये प्रत्येक तुकड्यात १५३, तर देवनागरीत ६७ वर्ण उरतात. शिवाय देवनागरीत मोजले जातात ते डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे, तर काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांसह सगळे सुटे घटक. ‘विद्यार्थ्यांच्या’ या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात, पण त्यात १७ घटक खर्ची पडतात. म्हणजे एका देवनागरी संदेशाचा जवळजवळ चौथा हिस्सा या एका शब्दाने संपतो. रोमनमध्ये तोच शब्द सुमारे १५ अक्षरे घेतो, परंतु तिथे मर्यादा १६० ची असल्याने दहाव्या हिश्श्यात भागते. देवनागरीत ७१ वा वर्ण लिहिला की दोन संदेशांचे पैसे लागत. भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली आणि पुढची काही वर्षे येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्या काळात हा हिशेब लोक काटेकोरपणे करीत. (सणावारी सवलतीचे पॅक चालत नसत, म्हणून दिवाळीच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच येऊन थडकत. एकही अक्षर न लिहिता निरोप देणारा ‘मिस्ड कॉल’ ही याच काटकसरीची पुढची पायरी.) भारतीय लिप्यांसाठी सात बिटांचे तक्ते मानकात पुढे दाखल झाले. देवनागरीचा तक्ता तिथे हिंदीच्या नावाने आहे. तोवर रोमनचे वळण पक्के झाले होते.

रोमनमध्ये मराठी लिहिण्याची सवय मात्र मोबाइलने लावली असे म्हणता येत नाही. ख्रिस्ती धर्मप्रसारक थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीतच छापले गेले. त्या काळच्या मुद्रित प्रती आज ज्ञात नाहीत. परंतु १९०७ साली मंगळूरहून निघालेल्या रोमन आवृत्तीत या लेखनपद्धतीचे स्वरूप दिसते. तीत ‘ळ’साठी एल हे अक्षर दोनदा लिहिलेले आढळते, म्हणजे ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला भेद जपलेला आहे. गोव्यात रोमन लिपीतील कोकणीची परंपरा तर आजही जिवंत आहे. असे असले, तरी स्टीफन्सपासून मोबाइलपर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह आवरावा हे बरे. मधल्या जवळजवळ चार शतकांत महाराष्ट्रातील सर्वसाधारण लेखनाचा या परंपरेशी फारसा संबंध आला नाही. त्याहून जवळचा पूर्वज म्हणजे संगणक. १९९० च्या दशकाच्या आरंभी परदेशस्थ भारतीय ईमेल आणि वृत्तगटांवर (इंटरनेटवरील चर्चामंचांवर) आपापल्या भाषा रोमनमध्ये लिहू लागले होते, आणि अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्ससारख्या पद्धतींनी त्याला शिस्तही लावली होती. आयट्रान्समध्ये दंत्य त, द, न, ल यांसाठी लहान लिपीतली आणि मूर्धन्य ट, ड, ण, ळ यांसाठी मोठ्या लिपीतली अक्षरे योजली होती. फोनवर लिहिणाऱ्यांनी ही शिस्त उचलली नाही. बारा बटणांच्या फोनवर ‘एस’ उमटवायलाच सातचे बटण चार वेळा दाबावे लागे. त्यात मोठी-लहान लिपी बदलण्याचा आणखी एक टप्पा कोण घेणार? त्यामुळे मोबाइलच्या मराठीचे मूळ वृत्तगटांत शोधणारे मत अर्धेच पटते. तिसरा स्रोत सहसा दुर्लक्षिला जातो, तो म्हणजे पाट्या आणि आडनावे. ठाणे, पुणे, काळे, गोडबोले ही नावे रोमनमध्ये वाचून मनातल्या मनात दुरुस्त करण्याची सवय मराठी वाचकाला फोन हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

या लेखनात वर्णभेद मोठ्या प्रमाणावर मिटतात. काल, काळ, कळ आणि कल हे चारही शब्द के-ए-एल या तीन अक्षरांत उतरतात. वेळ आणि वेल, पण आणि पान, मला, मळा आणि माळा यांचीही तीच गत. वाचणारा संदर्भावरून अर्थ लावतो आणि बहुधा चुकत नाही. संक्षेपाची मुख्य युक्ती स्वर गाळण्याची. ‘करत नाही’ हे के-आर-टी, एन-एच-आय असे लिहिले जाते. ‘म्हणजे’तला मधला रोमन ‘ए’ जातो, ‘काय’ के-वाय या दोन अक्षरांवर येते. इंग्रजी संक्षेपांशी याचे वरवरचे साम्य आहे, पण इथे आणखी एक गोष्ट घडते. देवनागरीत व्यंजनातच ‘अ’ गृहीत असतो, तो वेगळा लिहावा लागत नाही. के-आर-टी हे ‘करत’ म्हणून सहज वाचले जाते, कारण वाचणारा रोमन व्यंजनांनाही तोच अंतर्भूत ‘अ’ लावतो. लिपी बदलली तरी वाचनाची रीत देवनागरीचीच राहिली. ‘क्ष’साठी एक्स हे अक्षर लक्ष्मण, लक्ष्मी या नावांच्या इंग्रजी लेखनातून आधीच परिचित होते. अंक वापरून शब्द लिहिण्याची इंग्रजी क्लृप्ती मराठीत फारशी रुजली नाही. ‘१ नंबर’ हा स्तुतीचा प्रयोग तेवढा सर्वत्र दिसतो.

नपुंसकलिंगी रूपांची अवस्था विशेष पाहण्याजोगी आहे. छापील मराठीत दीर्घकाळ ‘केले’, ‘झाले’ ही रूपे प्रमाण मानली गेली, तर बोलण्यात ‘केलं’, ‘झालं’. संदेश बोलण्याला धरून चालतो. पण शेवटचा आखूड उच्चार रोमनमध्ये कसा दाखवायचा, याचे एकमत नाही. काही जण शेवटी रोमन ‘ए’ हे अक्षर लावतात, मग ‘केलं’ आणि ‘केला’ एकरूप होतात; काही जण स्वर पूर्णपणे सोडून ‘केल’, ‘झाल’ असे वाचले जाईल असे लिहितात. अनुस्वार दोन्ही पद्धतींत नाहीसा होतो.

संक्षेप ही मराठी पत्रलेखनाला नवी गोष्ट नव्हे, असे या लेखनाचे समर्थक सांगतात. ऐतिहासिक कागदपत्रांत ‘किल्ले’साठी ‘कि॥’ अशी दोन दंड लावलेली रूपे सर्रास आढळतात; मोडी लिपीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि शब्दही सलग लिहिले जात. अलीकडच्या कौटुंबिक पत्रांत ‘ति.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘रा. रा.’, ‘सा. न. वि. वि.’, ‘अ. उ. आ.’ यांची रेलचेल असे. तारेच्या काळात शुभेच्छांची ठरावीक वाक्ये क्रमांकांनी पाठवता येत. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. साम्य खरेच आहे, पण दोन्हींचे काम वेगळे आहे. पत्रातला संक्षेप नात्याचा आणि मानाचा भाग आखूड करी, वगळत नसे. ‘ति.’ की ‘चि.’ एवढ्यावरून कोण कोणाला लिहितो आहे ते कळे. संदेशात मायना पूर्णपणे गळतो आणि मजकुराच्या शब्दांना कात्री लागते. मान उरतो तो क्रियापदात : ‘आहेस’ की ‘आहात’ हा फरक सहसा कोणी गाळत नाही.

लेखनभाषेवरील परिणामांची चर्चा मुख्यतः इंग्रजीच्या संदर्भात झाली आहे. लघुसंदेशांमुळे इंग्रजी बिघडते, या वृत्तपत्री ओरडीला भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी २००८ मध्ये पुस्तकरूपाने उत्तर दिले. संक्षेप जुनेच आहेत आणि ते वापरायला मूळ वर्णलेखन ठाऊक असावे लागते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ओ-एम-जी हा संक्षेप ब्रिटिश नौदलाचे निवृत्त अधिकारी लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना १९१७ मध्ये लिहिलेल्या पत्रात आहे, हा दाखला या चर्चेत नेहमी दिला जातो. क्रिस्पिन थर्लो यांनी २००३ मध्ये कार्डिफच्या विद्यार्थ्यांचे ५४४ संदेश तपासले. त्यांत अपेक्षेपेक्षा बरेच कमी संक्षेप आढळले. टोरंटोतील किशोरवयीनांच्या दहा लाखांहून अधिक शब्दांच्या गप्पांचा भाषाशास्त्रज्ञ साली टाग्लियामोंटे आणि डेरेक डेनिस यांनी अभ्यास केला (२००८), तेव्हा खास चॅटची मानली जाणारी रूपे अडीच टक्क्यांच्या आसपास निघाली. ब्रिटनमधील १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांच्या पाहणीत (२००९) अशी रूपे अधिक वापरणाऱ्या मुलांचे वाचन उलट बरे दिसले. मराठीला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. इंग्रजी मूल ज्या लिपीत शब्द तोडते त्याच लिपीत शाळेत लिहिते. मराठी मूल फोनवर एक लिपी आणि वहीत दुसरी वापरते. रोमनमधली काटछाट त्यामुळे वहीत सरळ उतरत नाही.

मराठीच्या लेखनावर खरा ठसा उमटला तो फोनमध्ये देवनागरी आल्यानंतर. स्मार्टफोनवर संदेशाच्या लांबीचे बंधन संपले आणि देवनागरी कळफलक मिळू लागले. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात घडलेला ‘स्वरचक्र’ हा त्यांपैकी एक. तरी अनेक जण आजही रोमनमध्ये टंकून फोनला देवनागरी करू देतात, आणि शब्द निवडतो तो फोन. ‘आणी’, ‘कि’ अशी रूपे कधी लिहिणाऱ्याच्या अज्ञानाने येतात, कधी सुचवणीतला पहिला शब्द दाबल्याने. दोन्ही वेगळी काढणे वाचणाऱ्याला अशक्य असते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेल्या चार लेखननियमांचा आग्रह धरणारे याला अधोगती म्हणतात. दुसरीकडे ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘काऊन’, ‘लई’ अशी बोलीरूपे पूर्वी कथा-कादंबऱ्यांतील संवादांपुरती होती. ती आता लोक स्वतःच्या बोलण्यासारखी रोज लिहितात. हा लाभ पहिल्या तोट्याहून लहान नाही. विरामचिन्हांत पूर्णविराम मागे पडला आहे. एकाक्षरी उत्तरापुढे तो दिला तर राग आला असे समजले जाते.

सर्वांत ठळक बदल ‘ऱ्या’चा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘करणाऱ्या’ यांतील अर्धा र हिंदीच्या सवयीने घडलेल्या कळफलकांवर सहज उमटत नाही. त्यामुळे ‘दुसर्या’, ‘वार्यावर’ अशी रफार असलेली रूपे संदेशांतून बातम्यांच्या मथळ्यांपर्यंत पोचली आहेत. युनिकोड या संगणकीय संकेतपद्धतीत हे अक्षर खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून मिळते, तसेच साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात; एका पद्धतीने लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर पुष्कळदा सापडत नाही.