चमकीची बाटली दुधासारखी झालीय? आधी हे वाचा, मग काउंटरवर या

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आठ दिवसांत आमच्या दुकानाच्या काउंटरवर चमकीच्या बाटल्या यायला लागतात. कुणाची आई पिशवीतून काढते, कुणाचं लेकरू हातातच धरून आणतं, आत पांढरंफक पाणी, बुडाशी कुठंतरी चमकी आहे म्हणे, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काका, तुमची चमकी नकली निघाली." एकच गोष्ट दिवसातून धा वेळा सांगून घसा बसतोय म्हणून हा कागद छापला. चमकी, ग्लू काहीपण घेतलं की सोबत टाकायलोय.

बाटली कशी करायची ते सगळ्यांना माहितीच आहे, लेकरं मोबाईलवर बघूनच येतात. पारदर्शक बाटली, कोमट पाणी, पारदर्शक ग्लू, चमकी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, झाकण पक्कं. हलवली की आत नुसता चकचकाट, मग चमकी हळूहळू खाली बसते आणि तेवढा वेळ लेकरू पण गप बसतं. शाळेतल्या मॅडमलोक हिला सेन्सरी बॉटल म्हणतात, आमच्याकडं चमकीची बाटली मागितली तरी चालतं.

आता मुद्द्याचं. घरात फेविकॉल आहेच, मग पारदर्शक ग्लूला वेगळे पैसे कशाला घालायचे, हा विचार जवळपास सगळेच करतात. बरं ह्यात त्यांना बोलता पण येत नाही, कारण फेविकॉल वाळला की काचेसारखा होतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. लहानपणी तळहाताला फेविकॉल फासून वाळल्यावर त्याची कातडी सोलली नाही असा माणूस मिळायचा नाही. पण तो वाळल्यावर काचेसारखा होतो. बाटलीत वाळणार कधी? पांढऱ्या ग्लूमध्ये प्लॅस्टिकचे एकदम बारीक कण पाण्यात पसरलेले असतात, दुधात जसे फॅटचे असतात तसेच, उजेड त्यांच्यावर आपटून चारी बाजूला फाकतो म्हणून ते पांढरं दिसतं. कागदावर लावलं की पाणी उडून जातं, कण एकमेकाला चिकटून सलग पापुद्रा होतो आणि मग आरपार दिसायला लागतं. बाटलीत तर आपण वरून अजून पाणी ओतलेलं असतं आणि झाकण लावलेलं असतं, उडून जाणार कुठं. म्हणून चार दिवस थांबा, उन्हात ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा, ते दूधच राहणार. फेविकॉल वाईट नाही हो, आम्ही पण विकतो, लाकडाला कागदाला त्याच्यासारखं काही नाही, ह्या कामाचा नाही एवढंच.

मागच्या वर्षी औसा रोडवरून एक ताई तीनदा आल्या. पहिल्यांदा सोनेरी चमकीची पुडी नेली, दुसऱ्या दिवशी दिसत नाही म्हणून मोठी चमकी नेली, आणि दोन्ही वेळेला गर्दीत मी पण पुडी देऊन मोकळा झालो, ग्लू कोणता घातलाय हे विचारलंच नाही. तिसऱ्यांदा त्यांनी पांढरा डबाच आणून काउंटरवर ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेव्हापासून चमकी मागितली की मी आधी "ग्लू कोणता आहे घरी?" विचारतो. काहीजणांना वाटतं दुकानदार अजून एक वस्तू गळ्यात मारायलाय. आता वाटू द्या.

पारदर्शक ग्लू महाग पडतो, मान्य. अर्ध्या लिटरच्या बाटलीला साधारण १०० ते १२५ मिली लागतो, म्हणजे आमच्याकडची ग्लूची मधली बाटली एका चमकीच्या बाटलीला जाते. तेवढा खर्च नको असेल तर मेडिकलमधून ग्लिसरीन आणा, हे मीच सांगतोय, माझं नुकसान करून. छोट्या बाटलीत निम्मं ग्लिसरीन निम्मं पाणी घेतलं तर काम भागतं, ते पाण्यापेक्षा घट्ट असतं म्हणून चमकी सावकाश उतरते. पण मोठ्या बाटलीला हिशेब केला तर ग्लूच परवडतो, करून बघा.

पाणी कोमट, आंघोळीला घेतो तेवढं. थंड पाण्यात ग्लू बुडाशी गोळा होऊन बसतो आणि कितीपण हलवा, आत दोरे दोरे दिसत राहतात. आणि उकळतं तर अजिबातच नको, बाटली जागेवर आकसून वाकडी होते, अशा पण दोन आणून दाखवल्यात लोकांनी. पाणी आणि ग्लू एकजीव झाल्यावरच चमकी टाका. पटकन खाली बसायली तर ग्लू वाढवा, तरंगतच राहिली आणि उतरायचं नाव घेत नसेल तर पाणी वाढवा. वरती दोन बोटं जागा मोकळी सोडा, गच्च भरली तर आत काही हलतच नाही. आणि हीच बाटली मे महिन्यात भराभर बसायला लागली तर आमच्याकडं येऊ नका, गरमीत ग्लूचं पाणी पातळ होतं, त्याला आम्ही काय करणार.

चमकी वरच थर धरून बसत असेल तर भांड्याचं लिक्विड घालायचं राहिलंय. एकच थेंब, जास्त झालं तर नुसता फेस. अंगाच्या साबणाचं पाणी घालू नका, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, साबणाची पांढरी साय तयार होते. जारचं नाहीतर फिल्टरचं पाणी घ्या. रंग घालायचा तर खाण्यातला, काडीच्या टोकावर येईल एवढाच. दिवाळीची उरलेली चमकीवाली रांगोळी तर मुळीच नको, ती दगडाची भुकटी आहे, सगळं गढूळ होतं.

बाटली कोल्ड्रिंकची चांगली, जाड असते, लेकरानं दाबली तरी चेपत नाही. पाण्याच्या पातळ बाटल्या दोन दिवसांत पिचकतात. काचेची आम्ही सुचवतच नाही, फरशीवर पडली की संपलं. एक दिवस झाकण नुसतं पिळून ठेवा, सगळं मनासारखं बसतंय का बघा, मग आटे कोरडे पुसून बाहेरून एम-सील लावा. टाकीचा नळ गळायला लागल्यावर लावतो तेच. हे काम मोठ्यांनीच करायचं, आणि घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर बाटली त्याच्या हातात देऊन आत निघून जाऊ नका.

आता वापसीचं. फोडलेली पुडी आम्ही परत घेत नाही, ह्यावरून दोन-तीन जण रागावून गेले. पण चमकी हाताला, तराजूला, सगळ्याला चिकटते, ती परत मोजून पुडीत भरणार कशी तुम्हीच सांगा. त्यापेक्षा चमकी वाचवा. दूध झालेली बाटली जुन्या ओढणीतून गाळा, चमकी वर राहते, दोन पाण्यातून काढून वाळवली की परत वापरता येते. मोरीत मात्र ओतू नका. चमकी म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेलं प्लॅस्टिकच आहे, कुजत नाही, युरोपियन युनियननं ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंधन घातलंय. मी चमकी विकणारा माणूस हे सांगायलोय म्हणजे बघा. आणि पाणी पण जपून वापरा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपलं लातूर आहे, एका बाटलीपायी सहा वेळा धुऊन फेकायचं आपल्याला शोभत नाही.

ह्या वर्षी आम्ही सेट केलाय, पारदर्शक ग्लू, बारीक आणि मोठी अशी दोन चमकी, एम-सीलची छोटी पट्टी, सगळं एका पिशवीत. बाटली तुमची तुम्ही आणायची. सुटं घेतलं तर थोडं जास्त पडतं, पण घरी पारदर्शक ग्लू असेल तर सेट घेऊ नका, सुटी चमकी न्या. शाळा-अंगणवाडीला दहाच्या वर सेट लागणार असतील तर दोन दिवस आधी सांगा, भाव बघून घेऊ.

तरीपण जमलं नाही तर बाटली घेऊन या, बघून सांगायचे पैसे नाहीत. फक्त संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा येऊ नका, दुपारी या. आणि झाकण चिकटवून आणू नका, उघडल्याशिवाय मला आतलं काही कळत नाही.