ग्रंथालय आणि ग्रंथपालन (गोवा)

पुस्तके, नियतकालिके, हस्तलिखिते, नकाशे आणि अलीकडे डिजिटल साहित्य जमवायचे, त्याची नोंद करायची आणि मागेल त्याच्या हाती ते द्यायचे, हे ग्रंथालयाचे काम. यांतली मधली पायरी वाचकाला दिसत नाही. ग्रंथपालाची उमेदीची वर्षे मात्र तिच्यातच जातात. कपाटात आहे पण नोंदीत नाही, असे पुस्तक हरवल्यातच जमा. गोव्यात हे अधिकच जाणवते, कारण इथले लेखन मराठी, कोंकणी, पोर्तुगीज व इंग्रजी अशा चार भाषांत आणि देवनागरी, रोमी (रोमन), मोडी अशा लिप्यांत विखुरलेले आहे.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. सार्वजनिक ग्रंथालय यायला मात्र पुढे पावणेतीनशे वर्षे जावी लागली. १५ सप्टेंबर १८३२ रोजी व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल ई कास्त्रो यांनी पणजीत ‘पुब्लिका लिव्रारिया’ म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केले. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. काही वर्षांतच ख्रिस्ती धर्मसंघ बरखास्त झाले आणि त्यांच्या मठांतले ग्रंथ इथे येऊन पडले. पुढे संस्थेची नावे बदलली, जागा बदलल्या, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर ती मध्यवर्ती ग्रंथालय झाली. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या वास्तूत, निळ्या अझुलेज फरशांच्या शेजारी बसून वाचलेली पिढी अजून त्या जागेची आठवण काढते. आज हे ग्रंथालय पाट्टो येथील संस्कृती भवनात, कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्याला कृष्णदास शामा यांचे नाव दिले आहे, हे फार उचित झाले. केळशीच्या या कवीने १५२६ मध्ये कृष्णचरित्र मराठी ओव्यांत रचायला घेतले. सोळाव्या शतकातल्या गोव्यातील कोंकणी-मराठी मजकुराची रोमी लिपीतली हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात टिकून राहिली, आणि अभ्यासक त्यांतील काही मजकुराशी कृष्णदासांचे नाव जोडतात. गावात जे उरले नाही ते समुद्रापलीकडच्या एका ग्रंथालयाने सांभाळले. तिथे त्याची नोंद होती, म्हणूनच ते अभ्यासकांच्या हाती लागू शकले.

मराठी वाचनाची वाट निराळी. देवळातले कीर्तन-पुराण आणि घरातली पोथी यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या तगले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, आणि मराठी शाळांच्या जोडीने वाचनालयेही उभी राहू लागली. पणजीचे सरस्वती मंदिर, मडगावचे गोमंत विद्या निकेतन या संस्थांनी मराठी पुस्तक वाचकाच्या हाती ठेवले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात छापील शब्दावर सेन्सॉरची नजर असे. अशा दिवसांत वाचनालय चालवणे म्हणजे कपाटाची किल्ली सांभाळण्यापेक्षा पुष्कळ मोठी गोष्ट होती. त्या माणसांचे ऋण मराठी गोमंतकाने विसरू नये.

सार्वजनिक ग्रंथालयांसाठी गोव्यात १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे. राज्य ग्रंथालयाखाली जिल्हा, तालुका आणि गाव अशी उतरंड आहे. दक्षिण गोव्याचे जिल्हा ग्रंथालय नावेली येथे असून त्याला डॉ. फ्रान्सिस्क लुईस गोमिश यांचे नाव आहे. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पां. स. पिसुर्लेकर यांचा संग्रह आहे.

पिसुर्लेकरांचेच नाव घेऊन ग्रंथपालाचे काम जवळून पाहता येते. मराठी पुस्तकावर ते ‘पांडुरंग’, पोर्तुगीज पुस्तकावर ‘पांडुरोंगा’. आडनावाचे रोमी स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचे. नोंदणाऱ्याने समोर दिसेल तसे उतरवले, तर एकाच माणसाचे तीन-चार लेखक होतात आणि वाचकाला त्यांची निम्मी पुस्तके कधीच सापडत नाहीत. म्हणून एक रूप प्रमाण ठरवून बाकीची त्याला जोडावी लागतात. जुन्या मराठी शुद्धलेखनाचेही तसेच. शीर्षकात ‘गांव’, ‘कांही’ असे अनुस्वार असतात, आजचा वाचक ‘गाव’ असे टंकून शोधतो आणि संगणक सरळ ‘नाही’ म्हणतो. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय अक्षरपद्धती) येण्याआधीच्या संगणकीय नोंदींत मराठी शीर्षके कधी रोमी अक्षरांत, कधी त्या-त्या फाँटपुरती भरलेली असत. त्या सुधारणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि तितकेच पुण्याचे.

नवे पुस्तक आले की बिलाशी ताडून पाहतात, दाखल नोंदवहीत चढवतात, ठरलेल्या गुप्त पानावरही शिक्का मारतात. मग वर्गांक, म्हणजे विषय सांगणारा आकडा. अमेरिकन ग्रंथपाल मेलव्हिल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर येते. त्यापुढे १ जोडला की कविता, २ नाटक, ३ कादंबरी-कथा. लेखकाच्या नावाचे चिन्ह जोडून बोधांक तयार होतो आणि पाठकण्याच्या पायथ्याशी चिकटतो. पूर्वी यानंतर तालिकेची कार्डे लिहीत. आता कोहासारख्या मुक्त (ओपन सोर्स) संगणक प्रणालीत नोंद भरतात. न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आलेल्या या प्रणालीचे नाव माओरी आहे, अर्थ ‘भेट’.

या शास्त्राला भारतीय पाया घातला तो शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी. मुळात ते गणिताचे अध्यापक. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ इथून सुरू होणारी त्यांची पाच सूत्रे १९३१ ची. त्यांतले चौथे, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, देवघेवीच्या टेबलावर रोज कसाला लागते. १२ ऑगस्ट हा त्यांचा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

या व्यवसायात येण्यासाठी कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी, मग पदव्युत्तर पदवी घेतात. गोवा विद्यापीठात हा विषय शिकवला जातो. महाविद्यालयीन ग्रंथपालाला ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि सामान्यतः नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते. गोव्यात काम करायचे तर पोर्तुगीज निदान वाचण्यापुरते यावे आणि मोडीची ओळख असावी. अभ्यासक्रमात नसले तरी संग्रह समोर आला की हे दोन्ही लागतेच. त्याहून मोठा गुण म्हणजे माणसांची आवड. सकाळी दैनिकांसाठी येणारे निवृत्त गृहस्थ, दिवसभर स्पर्धा परीक्षेची पुस्तके धरून बसलेली मुले, ‘आजोबांचे नाव जुन्या बोलेतींत (पोर्तुगीज सरकारी राजपत्रात) सापडेल का’ असे विचारणारी बाई, या सगळ्यांना एकच टेबल उत्तर देते.

पावसाळा हा गोव्यातल्या ग्रंथांचा खरा वैरी. हवेत दमटपणा भरला की कापडी बांधणीवर बुरशी धरते, कसर आणि वाळवी शिरतात, आणि जुन्या लोहयुक्त शाईने लिहिलेली पाने अक्षरांच्या जागीच विरू लागतात. ऊन पडले की पुस्तके काढून मऊ ब्रशाने पुसतात, पण उन्हात ठेवत नाहीत. वाऱ्यावर, सावलीत उघडून ठेवतात. हाताळली तर चुरा होईल अशा वृत्तपत्रांची पाने स्कॅन करतात. त्या प्रत्येक प्रतिमेलाही वृत्तपत्राचे नाव, तारीख, अंक आणि पान हाताने भरावे लागते. तारखेचा एक आकडा चुकला, की तो अंक पडद्यावरही सापडत नाही.