प्रकाशझोतावर तोललेले बेढब कण: पार्श्वभूमी

लेझरच्या झोतावर सूक्ष्मकण तोलायची सुरुवात गोळ्यांपासून झाली ती सोयीपोटी. गोळा कसाही फिरला तरी प्रकाशाला सारखाच. शिवाय गोळ्यावरून प्रकाश कसा विखुरतो याचं गणित गुस्ताव मी यांनी 1908 मध्येच मांडून ठेवलं होतं. आर्थर ॲश्किन यांनी 1970 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये पाण्यातले लॅटेक्सचे गोळे समोरासमोरच्या दोन झोतांत पकडले. पुढच्याच वर्षी त्यांनी एका सहकाऱ्यासह सुमारे 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काचगोळा हवेत उचलून धरला. झोत खालून वर, शक्ती जेमतेम पाव वॅट. पण असल्या गोळ्याचं वजन तरी किती? 10 नॅनोग्रॅमच्या आसपास. झोत मध्यभागी प्रखर असतो, त्यामुळे बाजूला सरकलेला गोळा आपोआप मध्यावर परततो.

कण लांबट झाला की हे साधं चित्र बिघडतं. तो तिरपा झाला की प्रकाश त्याला पिळतो आणि बाजूलाही ढकलतो. फ्रान्समध्ये बोर्दोच्या संशोधकांनी 2010 नंतरच्या काही वर्षांत हे पाण्यात नीट तपासलं. कण करायची रीत घरगुती वाटावी अशी: पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे गोळे पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) च्या पातळ थरात बसवायचे, प्लास्टिक मऊ होईल इतकं तापवून थर ताणायचा म्हणजे आतले गोळेही लांबट होतात, गार झाल्यावर थर पाण्यात विरघळवायचा. थर सगळीकडे सारखा ताणला जात नाही, म्हणून कडेचे कण टाकून द्यावेत. पीव्हीए पुरता धुतला नाही तर कण एकमेकांना चिकटतात.

लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट-चौपटीपर्यंत असेल तर कण झोताच्या अक्षावर उभा राहून स्थिर होतो. त्याहून लांब कण मात्र थांबतच नाही, एकसारखा डुलत राहतो. सरकणं आणि कलणं एकमेकांत गुंतलेलं असल्यामुळे झोत त्याला सतत ऊर्जा पुरवत राहतो आणि पाण्याचा रोधही ती जिरवून कणाला शांत करू शकत नाही. शक्ती कमी करून नाच थांबेल असं वाटतं. तो फक्त मंदावतो.

फिरवणं हाच हेतू असेल तर गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 1998 मध्ये कॅल्साइट या स्फटिकाचे सूक्ष्म तुकडे वर्तुळ-ध्रुवित (ज्याची कंपनदिशा गोल फिरत राहते अशा) प्रकाशाने पाण्यात सेकंदाला 350 हून जास्त वेळा फिरवले गेले. निर्वातात हवेचं घर्षण फारसं उरत नाही: 2018 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात सिलिकाच्या दोन जोडलेल्या अतिसूक्ष्म गोळ्यांची नॅनो-डंबेल सेकंदाला 1 अब्जाहून जास्त फेऱ्या घेत होती. रेषीय ध्रुवित (कंपनदिशा एकाच रेषेत असलेल्या) प्रकाशात तीच डंबेल दिशा धरून राहते आणि अतिसूक्ष्म पीळ मोजणारा तराजू म्हणून वापरता येते.